दोऱ्याचं टोक

‘तोडलं!’ मासा गेल्यावर होडीतल्या सोबत्याच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द. दुसरा, ‘केवढा होता!’ पाण्यावर वर्तुळं अजून फिरत होती, रॉड सरळ झाला होता आणि रीलवर रिकामा गुंडाळला जाणारा दोरा पाण्यावर बारीक रेघ ओढत परत येत होता. उजनीच्या फुगवट्यात, भिगवणच्या बाजूला, फाल्गुनातली सकाळ. साडेसात-पावणेआठचा सुमार. मागे बांबू धरून उभे असलेले नावाडीमामा काही बोलले नाहीत. त्यांनी दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं, उन्हाकडे करून बघितलं, आणि म्हणाले, ‘तुटलं न्हाय दादा, सुटलंय. गाठ सुटली.’ टोकाला काकडीच्या वेलाच्या ताण्यासारखं वेटोळं होतं. दीड-दोन पेर लांबीचं, गोल गोल, एकदम व्यवस्थित.

त्या वेटोळ्याने नंतरची सगळी सकाळ खाल्ली.

गळाने मासेमारी करणाऱ्याला मासा गेल्याचं दुःख फार वेळ नसतं, कारण गेलेला मासा लगेच गोष्टीत जाऊन बसतो आणि तिथे तो वाढतो. टोक मात्र गोष्ट वाढू देत नाही. दोरा ताकदीने तुटला असेल तर टोक ताणून बारीक झालेलं आणि पांढुरकं दिसतं. खडकावर किंवा बुडालेल्या बाभळीच्या खोडावर घासून गेला असेल तर शेवटची वीत-दीड वीत बोटाला खरखरीत लागते, नखाखालून ओढली की अडकते. दाताने किंवा शिंपल्याने कापला असेल तर काप स्वच्छ. आणि गाठ सरकून निघाली असेल तर हे असं वेटोळं, कारण गाठीचे वेढे दोऱ्याच्या अंगात उमटलेले असतात आणि निघताना तो स्वतःवरच घासत, तापत, मुरगळत निघतो. चार टोकं, चार जबानी. पहिल्या तिन्हींत माशाला, खडकाला, नशिबाला काहीतरी बोल लावता येतो. चौथ्यात एकच आरोपी, आणि तो होडीत बसलेला असतो.

पुण्याहून पहाटे चारला निघालं की सोलापूर रस्त्याने यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ अशी गावं अंधारातच मागे पडतात आणि उजाडायच्या आत काठावर पोचता येतं. शंभरेक किलोमीटर. गंमत अशी की जे मागे टाकून निघालो ते आधीच पुढे येऊन थांबलेलं असतं. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीत अडते. पुण्याच्या मोऱ्या, नाले, साबणाचा फेस, सगळं इथे येऊन हिरवं होतं. पाणी पारदर्शक नाही, वाटाण्याच्या रश्श्यासारखं आहे. हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत. वासही असतो, शेवाळाचा, चिखलाचा, थोडा आपल्या शहराचा. या पाण्याबद्दल एका दमात प्रेमाने आणि लाजेने बोलावं लागतं, आणि ते जमत नाही म्हणून बहुतेक जण गप्प बसून गळ टाकतात.

गळवाल्यांची हल्लीची पिढी शिकते ती फोनवरून, आणि फोनवरचे गुरुजी बहुतेक अमेरिकेतले. त्यांचा मासा म्हणजे बास, मोठ्या तोंडाचा लार्जमाऊथ बास. त्याच्यापायी तिकडे वेडाची हद्द आहे. जॉर्जियात १९३२ साली जॉर्ज पेरी यांनी धरलेला २२ पौंड ४ औंसांचा बास अजूनही विक्रम म्हणून सांगतात. २००९ साली मानाबू कुरिता यांनी जपानच्या बिवा सरोवरात त्याच्याशी बरोबरी केली. म्हणजे मासा अमेरिकेचा आणि विक्रमाचा अर्धा वाटा जपानचा. जपानमध्ये बास १९२५ साली आशी तलावात नेऊन सोडला गेला, पुढे तो पसरला, आणि २००५ पासून तो जिवंत नेणं किंवा दुसऱ्या पाण्यात सोडणं तिथे कायद्याने बंद आहे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. उजनीत जाळं टाकलं की ज्याचा ढीग लागतो तो चिलापीही मूळ आफ्रिकेचा. त्याची मोझांबिक जात १९५२ साली भारतात आणली गेली. आता भिगवणच्या खानावळीत चिलापी फ्राय मागणाऱ्याला तो गाववालाच वाटतो.

तर हे गुरुजी मार्च महिन्यात सांगतात: वसंत आला, पाणी तापायला लागलं, बास खोलातून उथळाकडे निघालाय. त्यांच्याकडे ते अगदी खरं आहे. थंडीत गारठलेलं पाणी १३ ते १८ अंशांच्या घरात आलं की बास काठाकडे सरकतो, खायला लागतो, मग नर शेपटीने तळ झाडून घरटं करतो आणि अंडी, पिल्लं राखत बसतो. उत्तरेकडचा काठ दक्षिणेच्या उन्हाला सामोरा असतो म्हणून आधी तिथलं पाणी ऊबदार होतं, म्हणून आधी तिथे जा. मुक्काम कुठे, वाट कुठली, आमिषाचा रंग कोणता, सगळं त्या एका तापमानावर बांधलेलं. पुण्याचा पोरगा हे ऐकतो, सोलापूर रस्त्याने येतो, आणि उत्तरेचा काठ शोधतो.

इथलं पाणी गोठून उठलेलं नसतं. पौष-माघाच्या रात्री त्याला थोडं सुस्त करतात एवढंच. आपल्याकडे ऋतूंचाही जरा घोळच आहे. वसंत पंचमी माघात येऊन जाते, पण पंचांगाचा वसंत चैत्राशिवाय सुरू होत नाही. मधला फाल्गुन कागदावर शिशिर. पळस मात्र पेटलेला असतो, काटेसावरीखाली लाल फुलांचा सडा, सकाळी स्वेटर आणि अकराला टोपी. माशाचा वसंत याहून वेगळा. कटला, रोहू, मृगळ यांची वीण पावसाळ्याच्या नव्या पाण्याशी बांधलेली. आपण जिच्या मागे आलो ती शिकारी मरळही मुख्यतः पावसाच्या आगेमागे. त्यामुळे फाल्गुनात उथळाला आलेली मरळ घरटं करायला आलेली नसते, भुकेली म्हणून आलेली असते. पाणी ऊबदार झालं की पचन वाढतं, झिंगे आणि बारकी चिलापी काठाच्या पाणवनस्पतीत खेळायला लागतात, आणि त्यांच्या मागे ही. बासच्या शाळेत शिकलेलं काठ धरून फिरणं इथेही उपयोगी पडतं, पण कारण वेगळं आहे. आणि कारण वेगळं असलं की वेळही चुकते.

इथे तापमापकापेक्षा महत्त्वाचा शब्द आहे आवर्तन. कालव्याला, नदीला पाणी सोडलं की फुगवटा उतरतो. इतक्या पसरट पाण्यात पातळी टीचभर उतरली तरी काठ कितीतरी पावलं आत जातो. काल ज्या गवतात मासा होता तिथे आज भेगा पडायच्या तयारीतला चिखल. उतरत्या पाण्यात मोठा मासा उथळात अडकून राहायला धजत नाही, तो उथळ जिथे संपतं त्या कडेला, जुन्या ओढ्याच्या घळीत किंवा बुडालेल्या बांधाशी येऊन थांबतो. म्हणून होडीत बसण्याआधी एक काम दोन मिनिटांचं: काठावर पाणी जिथे टेकलंय तिथे काडी रोवायची. शिवाय चिखलाच्या ओल्या पट्ट्याची रुंदी बघायची. पट्टा रुंद आणि अजून चकाकणारा असेल तर पाणी आत्ताच, वेगाने उतरतंय, आतल्या कडेने जा. पट्टा अरुंद, वर सुकून पांढरा पडलेला असेल तर पातळी स्थिर आहे, गवतात बघा. मामा काडी रोवत नाहीत. ते बगळे कुठे उभे आहेत ते बघतात.

काठावर आणखी एक काम असतं, विचारायचं. या पाण्यात मासेमारीचा ठेका असतो, मच्छीमार संस्था असतात, रोजची जाळी असतात. आपण हौसेने आलेलो. पाण्यावर ओळीने तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि थर्माकोलचे तुकडे दिसले की खाली कुणाचं तरी पोट टांगलेलं आहे असं समजून लांबून जायचं. त्यांच्या जवळ गळ टाकला तर दोन गोष्टी जातात, आपलं आमिष आणि काठावरचा चहा.

होडी फायबरची, सपाट बुडाची, दोन गळवाले आणि एक नावाडी एवढंच वजन बरं. लाइफ जॅकेट घालायचं, बुडाखाली घेऊन बसायचं नाही. एका वेळी एकानेच उभं राहायचं. फायबरचा तळ म्हणजे मोठा डफ. पक्कड खाली पडली, टाच आपटली की तो आवाज पाण्यात लांबवर जातो, आणि मरळ तर हात-दीड हात पाण्यात असते. तळावर दोन गोणपाट अंथरले की निम्मा प्रश्न सुटतो. नांगर म्हणजे गोणीत बांधलेला दगड चालतो, पण दोर खोलीच्या निदान तिप्पट हवा, नाहीतर तो उचलला जातो आणि होडी घसरत राहते. दोर बांधायचा नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला. मागे बांधला तर वारा उठल्यावर लाट थेट मागच्या बाजूने आत येते. सकाळी पाणी आरसा असतं, दहा-अकरानंतर वारा सुटतो आणि या उघड्या पाण्यावर त्याला अडवायला काही नाही. तेव्हा नांगर टाकत बसण्यापेक्षा वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन होडी सोडून द्यावी. फार पळायला लागली तर बुडाला भोकं पाडलेली बादली दोराने मागे सोडायची. बादली पाणी ओढत राहते, होडी बैलगाडीच्या चालीने सरकते. वल्ह्याचा आवाज नाही, बांबूची खुपसाखुपस नाही.

मरळ सापडते ती तिच्या श्वासामुळे. डोक्यात तिला हवेतला प्राणवायू घेणारा वेगळा अवयव असतो, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने तिला वर यावंच लागतं. गवताच्या फटीत ‘टप्’ असा जाडसर आवाज, एक वळसा, दोन-चार बुडबुडे. नवखा लगेच त्याच वळशात आमिष आपटतो आणि मरळ सुरकन निघून जाते. वळशाच्या पलीकडे चार-पाच हात टाकायचं, पडल्यावर वर्तुळं शांत होईपर्यंत थांबायचं, मग फटीवरून ओढत आणायचं. कुठे तोंड करून वर आली ते दिसलं असेल तर उत्तम, नसेल तर पुढच्या श्वासाची वाट बघायची. इथे घड्याळापेक्षा बिडी बरी, असं मामांचं मत. बिडी संपायच्या आत ती परत येते.

आमिष म्हणजे पोकळ रबरी बेडूक. पोटाला लागून दोन काटे, वर वळलेले, त्यामुळे गवतात अडकत नाही. माशाने चावलं की रबर दबतं आणि काटे उघडे पडतात. दुकानातून आणलेल्या बेडकाचे काटे अंगाला फार चिकटलेले असतात, पकडीने दोन-तीन मिलिमीटर बाहेर काढावे लागतात. जास्त काढले तर प्रत्येक देठ गोळा करतो. मागची रबरी शेपटं फार लांब असतील तर मासा नुसती शेपटं धरून सोडतो, ती थोडी कापायची. दहा-बारा फेकीनंतर बेडकाच्या पोटात पाणी भरतं आणि तो बुडून चालायला लागतो, तेव्हा पिळून पाणी काढायचं. पाणी फुटलं, आवाज झाला की हात आपोआप झटका देतो. तो झटका आवरणं हीच खरी विद्या. एक, दोन असं मनात म्हणायचं, दोऱ्याला वजन लागलं की मग रॉड जोरात वर. आवाजावर झटका दिला तर बेडूक उडून थेट आपल्या तोंडावर येतो, दोन काट्यांसकट.

रॉड सात फुटी, मध्यमपेक्षा जरा ताठ. रील ३००० ते ४००० आकाराचं. त्यावर ४० पौंडी विणीचा दोरा, ज्याला सगळे ब्रेड म्हणतात. ब्रेड गुळगुळीत असतो, रिकाम्या रीळावर थेट गुंडाळला तर मासा ओढायला लागल्यावर अख्खा गठ्ठा रीळावर फिरतो आणि ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की दोरा सोडणारा रीलचा ब्रेक, बिघडलाय असं वाटतं. आधी चार-पाच वेढे साध्या नायलॉनचे घालायचे किंवा चिकटपट्टी लावायची. पुढे दीड-दोन फूट जाड नायलॉनचा लीडर, खोडांवरच्या घासण्यासाठी. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर.

आणि मग गाठ.

सकाळची ती गाठ कशी बांधली गेली असेल, हे बांधताना न बघताही सांगता येतं. सहा वाजता, मोबाइल दातात धरून, बोटं गारठलेली, मामा ‘चला’ म्हणतायत. जाड नायलॉन, त्याला नेहमीच्या सवयीने सहा वेढ्यांची साधी गाठ. बारीक दोऱ्याला पाच-सहा-सात वेढे बरोबर असतात, पण दोरा जाड झाला की ताठ होतो, तेवढे वेढे एकमेकांवर नीट बसत नाहीत, आवळल्यासारखे दिसतात आणि आत पोकळ राहतात. जाड लीडरला चारच वेढे, पण ते बसवायचे. थुंकी किंवा पाणी लावून. कोरडा ओढला तर घासून तापतो आणि तिथेच कच्चा होतो. हाताने नव्हे, बेडूक पकडीत धरून, दुसऱ्या हाताला कापड गुंडाळून, सावकाश, एका दमात. उरलेलं टोक गाठीला लागून कापायचं नाही, तीन-चार मिलिमीटर ठेवायचं. पहिला ताण आला की प्रत्येक गाठ थोडी सरकते, तेवढी जागा तिला हवी असते. टोक सफाचट कापणं ही नीटनेटक्या माणसांची चूक. शेवटी होडीच्या कडीत काटा अडकवून एक खेच. सुटायची असेल तर तिथे सुटू दे.

यातलं काही सोबत्याला माहीत नव्हतं असं नाही. गुरुजींनी दाखवलेलं असतं, तेही हळू करून, जवळून. पण आठवतं ते उडालेलं पाणी, गाठीची ती दोन मिनिटं बोटाने पुढे ढकललेली असतात. ऊबदार काठ, आमिषाचे रंग, विक्रमाचे पौंड, सगळं पाठ, आणि मासा ज्याच्यावर शेवटी लटकतो ती गाठ अंधारात उरकलेली.

नऊनंतर पाण्यावर वर्दळ वाढली. पक्षी बघायला आलेल्यांच्या होड्या रोहितांच्या थव्याकडे निघाल्या, लांब कॅमेरे, कुजबुज, आणि मग कुणीतरी शेव उधळल्यावर कुरव पक्ष्यांचा कल्ला. पट्टकादंब थोडेच उरलेले, त्यांची जायची वेळ झालेली. एक मरळ आली, हाताएवढी, दोन फुटांच्या आतली. ओल्या हाताने पोटाखाली आधार देऊन धरली, जबड्याच्या कोपऱ्यातला काटा पकडीने काढला. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर हाताला लागून निघतो आणि माशाला पुढे जखमा चिघळतात. पाण्यात सोडली तशी ती क्षणभर तिथेच थांबली, मग चिखलाचा ढग उठवून गेली. पावसाच्या सुमाराला पाण्यात तांबूस पिल्लांचा गोळा घेऊन फिरणारी मरळ दिसते, तेव्हा मात्र गळ टाकायचाच नाही. मोठी मरळ बाजूला झाली की चिलापी आणि खंड्या मिळून तो गोळा बघता बघता संपवतात. त्या बाबतीत अमेरिकेचा बास आणि इथली मरळ एकाच शाळेचे, दोघंही पिल्लं राखतात आणि त्यापायी दोघंही पकडली जातात.

सोबती तोवर तीन-चारदा म्हणाला होता, दोरा जुना होता. एकदा म्हणाला, लीडरच खराब निघाला. मामा ऐकत होते. मध्येच त्यांनी एवढंच विचारलं, ‘दात लागलं असत्यात, न्हाय का?’ आणि तंबाखू मळत राहिले. ते वेटोळं सोबत्याने खिशात घातलं होतं, ते दाखवावं की नाही हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

साडेअकराला वारा पश्चिमेचा धरला, पाण्यावर बारीक लाटा उभ्या राहिल्या आणि होडी काठाकडे वळवली. सकाळी काठाशी रोवलेली काडी आता पाण्यापासून दोन बोटं बाहेर, कोरडी उभी होती. वाऱ्याच्या खालच्या अंगाला पाण्याने लोटलेला सगळा कचरा एका पट्ट्यात जमतो: शेवाळ, थर्माकोल, एक चप्पल, दुधाच्या पिशव्या. मामांनी बांबू त्यात घातला आणि टोकाने काहीतरी हिरवं अलगद ओढून आणलं. बेडूक. मरळीने कुठेतरी गवतात घासून झटकून टाकलेला, आणि पोकळ असल्यामुळे इतका वेळ तरंगत आलेला. एका बाजूच्या रबराला दातांच्या बारीक टोचण्या. सोबत्याने हात पुढे केला, पण मामांनी आधी बेडूक तोंडाशी धरून नाकावरची तारेची कडी बघितली. ताकदीने गाठ तुटली असती तर तिथे दोऱ्याचा तुकडा उरला असता. कडी रिकामी होती, नव्यासारखी चकाकत होती. मामांनी बेडूक पिळून पोटातलं पाणी काढलं आणि त्याच्या हातात दिला.